शंका क्रमांक चौदा

३ फेब्रुवारी

दुसऱ्या माणसाचं आत्मचरित्र आपण लिहायचं, तेही 'मी, मी' करून, तर त्यातल्या खऱ्याखोट्याला जबाबदार कोण? ती व्यक्ती की आपण? सकाळपासून विचार करते आहे. कॉलेजात कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

पण काम मिळालं! ज्यांची गाणी ऐकत आईनं माझे शाळेचे कपडे शिवले, त्या गायिकाबाईंचं आत्मचरित्र मी लिहिणार. त्यांच्या गाण्याला तीस वर्षं होताहेत. अठरा एप्रिलला मोठा कार्यक्रम आहे, त्यातच पुस्तक निघायचं आहे. बाई सांगतील, मी ध्वनिमुद्रण करून घेईन आणि घरी उतरवून काढेन. आतल्या पानावर बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून माझं नाव येईल. बाबा एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवतात. संध्याकाळपर्यंत सातव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

आईनं मशीनवरून मान वर न करता विचारलं, "बाई बोलल्या का तुझ्याशी?"

"चार वाजेपर्यंत त्यांचं मौन असतं आई. गळ्याला विश्रांती."

"मग काम कुणी दिलं?"

"साहेबांनी. त्यांच्या मिस्टरांनी."

"हं," म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

मौनात बाई वहीच्या कागदावर लिहून बोलतात. पाणी हवं, खिडकी लावा, एवढंच. साहेब तो प्रत्येक चिटोरा उचलतात, वर तारीख घालतात आणि फायलीत लावतात. इतकी दूरदृष्टी मी कुणात पाहिलेली नाही. उद्या एखाद्या संग्रहालयाला किती उपयोग होईल!

६ फेब्रुवारी

पहिली बैठक. गाण्याच्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या मारल्या आहेत. दार लावलं की कान बंद झाल्यासारखे वाटतात. बाई कोचावर, मी समोर, साहेब खिडकीपाशी सफरचंद सोलत. एकसंध साल उतरवतात, कुठे तुटत नाही.

मी विचारलं, "पहिलं ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षी?"

"यांना विचारा. तारखा यांच्या लक्षात असतात."

साहेबांनी तारीखच नाही, वारही सांगितला. ते तेव्हा स्टुडिओत आवाजाच्या यंत्रावर बसायचे. एकोणीस वर्षांची मुलगी आत आली, भिंतीकडे तोंड करून गायली, आणि त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. "मी हिला माईकसमोर कसं उभं राहायचं ते शिकवलं. त्याच्याआधी ही माईकला घाबरायची. काय गं?"

"हो," बाई म्हणाल्या.

"आता मला घाबरते!" साहेब मोठ्यानं हसले. बाईही हसल्या. मीही हसले. किती एकजीव जोडपं! बाईंना लोकांचा त्रास नको म्हणून त्यांचा फोनसुद्धा साहेबच सांभाळतात.

११ फेब्रुवारी

आज फोटो काढायचे होते. बाईंना तयार करणाऱ्या मेकअपताई सोळा वर्षं त्यांच्याकडे आहेत. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. माझं नाव त्यांनी 'बीए' ठेवलंय.

"ए बीए, ती नारंगी ट्यूब दे. ती नव्हे, संपली ती. खालची."

"नारंगी? चेहऱ्याला?"

"निळ्यावर नारंगी लावलं की निळं मरतं. वरून कातडीचा रंग. शिकून ठेव, लग्न झालं की कामाला येईल."

बाई आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "पुरे."

डोळ्यांखालच्या काळेपणासाठी असेल. बाईंना झोप कमी मिळते, हे टिपून घेतलंय. 'साधनेची किंमत' या प्रकरणात घालता येईल.

१३ फेब्रुवारी

बाईंच्या पोशाखाच्या उंच, बंद गळ्यावर एक अख्खं प्रकरण हवं, असं साहेबांचं म्हणणं. बरोबरच आहे. ती कल्पना त्यांची. हनुवटीपर्यंत येणारी कॉलर आणि मनगट झाकणाऱ्या बाह्या. बाईंनी ती पहिल्यांदा घातली आणि वर्षभरात बायकांनी शिंप्यांकडे रांगा लावल्या. आईनंच शंभरेक शिवल्या असतील. म्हणून तिला तांत्रिक माहिती विचारली.

"तांत्रिक काय डोंबल? तो गळा गाणाऱ्या बाईचा नाहीच."

"म्हणजे?"

"गाताना नरडं फुलतं. गाणारीचा गळा अर्धा इंच सैल बेततात. हा उलट आवळून बेतलाय. मी तेव्हाच म्हटलं होतं, ज्यानं हा बेतला त्याला गाण्यातलं कळत नाही, नाहीतर दुसरंच काही कळतं."

साहेब म्हणतात, मानेला वारा लागू नये म्हणून. तेच लिहिलं. आई दुसऱ्याच्या यशाकडे नेहमी थोडं वाकडंच बघते.

१९ फेब्रुवारी

साहेब सभागृह बघायला गेले आणि आज पहिल्यांदा बाई आणि मी दोघीच होतो. चाळीस मिनिटं. मला वाटलं होतं, साहेब नसताना तारखांची पंचाईत होईल. झालं उलटंच. बाई इतकं बोलल्या की मी प्रश्नच विचारला नाही.

नऊ वर्षांपूर्वीचा परदेश दौरा घशाच्या संसर्गामुळे रद्द झाला, असं सगळीकडे छापलंय. बाई म्हणाल्या, "घसा ठणठणीत होता. गळ्याखालचं हाड मोडलं होतं." मी विचारलं, कसं? "जिन्यावरून पडले," म्हणाल्या. थोड्या वेळानं, "आपल्या घरी जिना नाहीये म्हणा." आणि हसल्या. तेव्हा दुसऱ्या घरात राहत असतील.

धाकट्या बहिणीनं त्यांना दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर साहेबांनी त्या बहिणीला घरात येऊ दिलं नाही. का, ते बाईंनी सांगितलं नाही. पण बहिणी अजून बोलतात! दर रविवारी, मेकअपताईंच्या फोनवरून, तयारीच्या खोलीत, दहा मिनिटं. हे सांगताना बाईंचा चेहरा शाळकरी मुलीसारखा झाला.

"हे पुस्तकात नको हं," त्या म्हणाल्या.

मी वचन दिलं. पुस्तकात येणार नाही.

२२ फेब्रुवारी

आमच्या प्राध्यापकबाई सांगायच्या, एकाच तोंडून आलेली गोष्ट ही माहिती नव्हे, ती ऐकीव. दुसऱ्या तोंडानं दुजोरा हवा. म्हणून दर सोमवारी मी साहेबांना शंकांची यादी देते. ते समोर उत्तरं लिहून परत करतात. या खेपेला सोळा शंका झाल्या. रविवार गेला त्यात, पण यादी देखणी झालीय.

चौदावी लिहिताना थांबले होते. मग वाटलं, पुस्तकात घालायचं नाही म्हणजे खात्री करायची नाही असं थोडंच आहे? आणि कोण जाणे, तीस वर्षांच्या समारंभात बहिणीबहिणींची भेट झाली तर! कुठल्यातरी जुन्या भांडणापायी सख्ख्या बहिणी तुटाव्यात?

'१४. दौरा रद्द: घसा की हाड? हाड असल्यास दवाखान्यात धाकट्या बहिणीनं नेलं, हे बरोबर का? त्यांची मुलाखत घेता येईल का? (मेकअपताईंच्या फोनवर त्यांच्याशी संपर्क होतो असं कळलं.)'

२३ फेब्रुवारी

यादी दिली. साहेबांनी उभ्याउभ्या वाचली. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचली.

"लेखिकाबाई, किती बारकाईनं काम करता हो तुम्ही!" म्हणाले. "असंच करत जा. काहीही कळलं की आधी मला."

आज बाबांना सांगितलं. त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं असणारच.

२५ फेब्रुवारी

बैठक रद्द. बाईंना दहा दिवस पूर्ण मौन, चारनंतरसुद्धा. कार्यक्रम जवळ आलाय. मेकअपताई सुट्टीवर गेल्यात, असं साहेब म्हणाले. मध्येच? यापुढे सगळ्या शंकांची उत्तरं साहेबच देतील. काम लवकर होईल खरं.

चौदापुढे त्यांनी एकच शब्द लिहिलाय: 'घसा.'

१ मार्च

मेकअपताई भेटल्या. भेटल्या म्हणजे आमच्या चाळीच्या दारात उभ्या होत्या. मी हसून पुढे गेले.

"सुट्टी कशी चाललीय, ताई?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ए बीए, खरं सांग. वेडी आहेस की वेड पांघरलंयस?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"सोळा वर्षं मी तोंडानं वाटेल ते बडबडले आणि पोटातलं पोटात ठेवलं. तू महिनाभर तोंड शिवून बसलीस आणि सगळं कागदावर मांडून दिलंस त्याच्या हातात. क्रमांक घालून!"

"मी फक्त खात्री—"

"नारंगी ट्यूब कशाला लागते गं? महिन्याला दोन? डोळ्यांखाली एवढी जागा असते का माणसाच्या?"

आई मशीन थांबवून दारात आली होती. तिनं ताईंना आत घेतलं, पाणी दिलं आणि त्यांच्यासमोर बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोघी हळू आवाजात बोलत राहिल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. आईनं विचारलेला एकच प्रश्न मला ऐकू आला. "बाह्याही त्याच्यासाठीच ना?"

"मग काय," ताई म्हणाल्या.

३ मार्च

बाईंना पाहिलं. डाव्या मनगटाला स्कार्फ गुंडाळलेला होता. घरात, बसल्या जागी. बोटं सुजून चकचकीत झाली होती. खोलीत शेकोटीसारखं गरम होत होतं आणि त्या थरथरत होत्या. साहेब सफरचंद सोलत होते.

मला बोलायचं होतं. साहेबांसमोर काय बोलू? 'माफ करा' म्हटलं तर कशाबद्दल, हे विचारतील. बाईंनी उजव्या हातानं कागदावर लिहिलं, 'प्रकरण पूर्ण करा.' साहेबांनी कागद उचलला, तारीख घातली.

घरी येऊन मी लिहिलेली नऊ प्रकरणं वाचली. चौथ्यात एक वाक्य आहे: 'माझे पती माझी सावली आहेत, त्यांच्याशिवाय मी एक पाऊलही टाकत नाही.' हे बाई बोलल्या नव्हत्या. हे मला सुचलं होतं. तेव्हा मी त्याखाली स्वतःच कौतुकानं रेघ मारली होती.

७ मार्च

पोलीस ठाण्यात गेले. अधिकारी सभ्य होते. बाईंचं नाव ऐकून म्हणाले, "आमच्या हिला फार आवडतात. तुम्ही स्वतः पाहिलंत का त्यांना मारहाण होताना?"

"नाही."

"बाईंनी तक्रार केलीय?"

"त्यांना बाहेर येताच येत नाही."

"अहो, परवाच तर टीव्हीवर होत्या."

ठाण्यातून बाहेर पडल्यावर पाय घराकडे वळेनात. एका बाकावर बसले. समोर भिंतीवर कार्यक्रमाचं भलंमोठं पोस्टर. बंद गळा, लांब बाह्या, हसरा चेहरा. एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "बघ कशी राणीसारखी दिसते."

मी त्या राणीला कोंडणाऱ्याच्या हातात किल्ली दिली आहे. तीही छान अक्षरात.

८ मार्च

बाबा म्हणतात, नवराबायकोच्या भानगडीत पडू नये, पुस्तक संपव आणि मोकळी हो. "एवढी शिकलीस ती लोकांच्या घरात काड्या करायला?"  जेवताना आईनं बाबांच्या ताटात वाढलं ते जरा आपटूनच वाढलं.

१२ मार्च

ताईंकडून पत्ता घेऊन बाईंच्या बहिणीकडे गेले. बसनं दोन तास. तिची लाँड्री आहे. काउंटरवर उभी राहून मी सगळं सांगितलं, चौदा नंबरसकट. ती पाकिटं बांधत ऐकत होती. एकदाही हात थांबला नाही.

"म्हणजे दोन रविवार फोन का आला नाही, ते तू," एवढंच म्हणाली.

"हो."

"मी तिला दोनदा घेऊन आलेय. एकदा सहा दिवसांनी परत गेली, एकदा अकरा. तो दाराशी येऊन रडतो. फार छान रडतो. मलासुद्धा दया आली होती." मग म्हणाली, "तिला म्हणावं, व्हॅन आहे माझ्याकडे. कपडे पोचवायची. जिथे सांगेल तिथे उभी करते. पण यायचं तिनं ठरवायचं. मी फरफटत आणणार नाही."

पण तिला म्हणायचं कसं? त्या घरात माझं प्रत्येक वाक्य साहेबांच्या कानावरून जातं.

१७ मार्च



प्रत्येक प्रकरण झालं की मी ते बाईंना वाचून दाखवते. साहेब समोर असतात, चुका काढतात. सगळ्या प्रकरणांतल्या चुका त्यांना काढता येतात, एक सोडून. बाईंच्या बालपणी ते नव्हते.

तर बालपणाच्या प्रकरणात मी एक धादांत खोटा प्रसंग घातला. नऊ वर्षांची मुलगी, शाळेच्या गाण्याची तालीम, वार मंगळवार. तालमीचे मास्तर फार मारकुटे. पहिलं गाणं झाल्यावर मुलगी कपडे बदलायच्या खोलीतून मागच्या गल्लीत पळते. धाकटी बहीण तिथे शेजाऱ्यांच्या गाडीत बसून वाट बघत असते. बाईंच्या कार्यक्रमाची सभागृहातली तालीम मंगळवारी, चोवीसला आहे.

वाचताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. वाचून झालं. 

"हे कधी सांगितलंस तू?" साहेबांनी विचारलं.

बाई खाली बघत होत्या. मला वाटलं, संपलं. पुन्हा एकदा मीच संपवलं.

"पहिल्या आठवड्यात," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता. "पण हिनं चूक केलीय थोडी. पहिलं गाणं नाही. तिसरं. पहिल्या दोन गाण्यांना मास्तर विंगेत उभे असायचे. तिसऱ्याला मागे जाऊन बसायचे, आवाज कसा येतो ते ऐकायला."

"दुरुस्त करते," मी म्हटलं.

"म्हणजे लहानपणापासून पळपुटीच!" साहेब हसले. "राहू दे हे. लोकांना आवडेल."

२४ मार्च

व्हॅन कुठे आणि कोणत्या गाण्याला आणायची, ते बहिणीला आधीच कळवलं होतं. मी तिसऱ्या ओळीत बसले होते. तिसऱ्या गाण्याआधी बाई वादकांना म्हणाल्या, "दोन मिनिटं, पाणी पिऊन येते." साहेब मागे, यंत्रापाशी, कानाला हेडफोन लावून बसले होते. वादकांनी सुरुवात वाजवली. पुन्हा वाजवली. बासरीवाल्यानं विंगेत डोकावून पाहिलं आणि खांदे उडवले.

साहेब हेडफोन काढून धावले, तोवर गल्लीत कुणी नव्हतं.

२७ मार्च

पेपरात छापून आलंय: गायिकेला मानसिक थकवा, नातेवाईकांनी दिशाभूल केली, कार्यक्रम पुढे ढकलला. पतीचा फोटो आहे, डोळे सुजलेले. खरंच छान रडतात.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज मऊ. "लेखिकाबाई, पुस्तक थांबणार नाही. उलट मी म्हणतो, तुमचं नाव मुखपृष्ठावर घालू. ती भोळी आहे हो, येईल परत. नेहमी येते. तुम्ही काही बोलू नका कुणाशी, एवढंच."

ते 'नेहमी येते' रात्रभर कानात होतं.

३० मार्च

लाँड्रीच्या मागच्या खोलीत बाई एका हातानं उशांच्या खोळींना इस्त्री करत होत्या. डावा हात प्लास्टरमध्ये. अंगात बहिणीचा साधा सदरा, वरची दोन बटणं उघडी. इतक्या वर्षांत त्यांची मान कुणी पाहिली नसेल. मला तिथे बघता येईना.

"परत जावंसं वाटतं गं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी उठल्यावर वाटतं. अकरापर्यंत वाटतं. मग जरा कमी होतं."

"बाई, तो कागद मी दिला होता. चौदा नंबर."

"माहीत आहे. त्यांनी वाचून दाखवला ना मला. एकेक शंका, पहिलीपासून." त्यांनी खोळ उलटली. "मध्येच म्हणाले, पोरीचं अक्षर सुंदर आहे."

मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "इथे नको. कपड्यांवर डाग पडतात."

त्यांनी तक्रार दिलीय, पण वकीलबाई म्हणतात, नवरा म्हणणार हिचं डोकं फिरलंय, आणि मेकअपताई म्हणजे कामावरून काढलेलं माणूस, तिचं कोण ऐकणार? त्याला फोनबद्दल कधी कळलं, कसं कळलं, लगेच ताईंना कुणी काढलं, मनगट कधीपासून बांधलेलं होतं, हे तारखांसह सांगणारं कुणी हवं. त्या घरात पगारावर असलेलं. आणि हे सांगायचं तर कसं कळलं, तेही सांगावं लागेल. उलटतपासणीत सोलून काढतील. पेपरात नाव येईल, लेखिका म्हणून नाही.

बाईंनी मला काही विचारलं नाही. निघताना फक्त म्हणाल्या, "उद्या जमलं तर अकराच्या आधी ये. तेवढा वेळ अवघड जातो."

१ एप्रिल

बाबा: "लोक काय म्हणतील? ज्या घरचं मीठ खाल्लं त्याच घरावर उलटली. मी रोज चारशे माणसांना वरखाली नेतो. सगळ्यांना मीच सांगितलंय ना पुस्तकाचं!"

आई: "मग आता हेही सांगा."

बाबा उठून गेले.

२ एप्रिल

आज सकाळी नऊ वाजता ठाण्यात गेले. आई बरोबर आली, काम बंद ठेवून. तेच अधिकारी होते. मी तारखा सांगत गेले, ते लिहीत गेले. एकोणीसला बाई माझ्याशी काय बोलल्या. बावीसला मी काय लिहिलं. तेवीसला कागद कुणाच्या हातात दिला. पंचवीसला कोण घरात नव्हतं. तीन मार्चला बोटं कशी दिसत होती. दीड तास लागला. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळत नव्हतं का हो काहीच?" मी म्हटलं, "नाही." तेही लिहिलं.

शेवटी सगळं वाचून दाखवलं. "काही बदलायचंय?"

"एक वाक्य घाला," मी म्हटलं. "तो कागद मला कुणी मागितला नव्हता. मी आपणहून दिला."

"त्याची गरज नाहीये. तुमच्याच विरुद्ध जाईल."

"घाला."

त्यांनी घातलं. मी पानापानावर सही केली. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. म्हणून लाँड्रीच्या नंबरवर फोन लावला. बहिणीनं उचलला. बाई इस्त्री करत होत्या. मी म्हटलं, त्यांना सांगा, सही झाली.